साडूच्या तंबूतली हवा

...नाही पण मी म्हणतो, माणसानं रोज सकाळी उठल्याउठल्या स्वतःच्या तंबूतली हवा घरच्या ग्रुपवर टाकायचीच कशाला? तुम्हीच सांगा! कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकतं, कुणी नातवाला आलेला दात टाकतं, समजू शकतो. आमचे साडू काय टाकतात? ‘तापमान चोवीस, दमटपणा पासष्ट टक्के. सुप्रभात.’ बस्स! आणि खाली फोटो. एवढासा मीटर, त्याच्यावर ते दोन आकडे, आणि मागे ते झाड... हिरवंगार, तेल लावून चोपून बसवल्यासारखं! मग त्या फोटोखाली सगळ्यांचे अंगठे. माझ्या बायकोचा अंगठा सगळ्यांत आधी. अहो, माझ्या मेसेजवर ही बाई दोन-दोन दिवस अंगठा काय, करंगळीसुद्धा ठेवत नाही... पण जाऊ दे. मी आधीच सांगून ठेवतो, साडू माणूस सोन्यासारखा आहे. माझं काही म्हणणं नाही!

साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. एसी बसवायचा धंदा. म्हणजे गारवा त्याच्या घरचाच! मोठमोठ्या हॉटेलांच्या खोल्या गार करतो हा माणूस. आणि मी? मी चष्म्याच्या दुकानात. ‘वरची ओळ वाचा... आता खालची... आता बरं दिसतंय का? की आता?’ दिवसभर हेच. अर्ध्या गावाला दिसतं ते माझ्यामुळे, पण माझ्याकडे कुणी बघत नाही! विशेषतः आमचे सासरे.

सासऱ्यांचं सांगतो. सगळी नोकरी वजनमापं तपासायच्या खात्यात. दुकानात शिरायचे, तराजू बघायचे, वजन उचलून हातावर तोलायचे, दुकानदाराला घाम फुटायचा. आता निवृत्त झाले, पण मोजून द्यायची सवय गेली नाही. कौतुकसुद्धा मोजून देतात. त्यांच्याकडे दोनच मापं. एक ‘वा!’ आणि एक ‘बरं.’ धाकट्या जावयानं दार उघडलं, ‘वा!’ धाकट्या जावयानं पाण्याचा ग्लास पुढे केला, ‘वा!’ आणि मी? मी त्यांना नवा चष्मा करून दिला हो, स्वतः काचा निवडल्या, फ्रेम नाकाला टोचू नये म्हणून तीनदा गरम करून वाकवली, घरी नेऊन डोळ्यांवर चढवला. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, म्हणाले, ‘बरं.’ ठीक आहे. म्हटलं, थोडा वेळ लागतो नव्या नंबरला. तेवढ्यात साडू आत आले, आणि सासरे त्यांच्याकडे बघून म्हणतात, ‘वा! शर्ट झकास आहे हो!’ अहो, माझ्या चष्म्यातून! माझ्या चष्म्यातून त्याचा शर्ट!

तुम्हाला खोटं वाटेल, पण लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून माझ्यासाठी एक ‘वा’ निघालेला नाही. पोरगी दिली, ती दिली. ‘वा’ नाही दिला. पण... माझं काही म्हणणं नाही.

आता झाडाचं ऐका. सासूबाईंनी लावलेलं ऑर्किड. कांद्यासारखे फुगीर बुंधे, लांब लांब पाती, दर वर्षी तुरा यायचा त्याला, पिवळ्या फुलांचा. सासूबाई गेल्या आणि झाड फुलायचं थांबलं. सासऱ्यांनी खत घातलं, जागा बदलली, दोन वेळा कुंडी बदलली. पातीवर पाती येत राहिली, पण फूल नाही. बोलायचे नाहीत ते, पण संध्याकाळी खुर्ची घेऊन त्या कुंडीसमोर बसलेले मी बघितलेत. म्हणजे तराजूसमोर बसायचे तसे... वजन कुठे कमी पडतंय ते शोधत.

मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, हिच्या काकांकडे राहून, परगावी. काही महिने तरी परत येणं नव्हतं. दोन्ही लेकींना, दोन्ही जावयांना बोलावलं, सुरी घेतली आणि त्या गड्ड्याचे मधोमध दोन भाग केले. लेकींना सासरी पाठवताना ज्यांचा आवाज हलला नाही, त्यांनी सुरी दोनदा टेकवून दोनदा परत उचलली हो. मी बघितलं. एक भाग मला, एक साडूला. म्हणाले, “हिचं झाड आहे. सांभाळा. मी परत आलो की बघतो, आणि मग ठरवतो.”

काय ठरवतो, ते कुणी विचारलं नाही. मला वाटलं, कुणाचं झाड चांगलं ते ठरवतील. दुसरं काय ठरवणार? आणि त्याच क्षणी, तुम्हाला सांगतो, माझ्या मनानं घेतलं. बाबा परत येणार, माझ्या कुंडीत पिवळा तुरा डोलत असणार, बाबा दारातच थांबणार आणि म्हणणार... ‘वा!’ एकच. जास्त नको. मी काही हावरट माणूस नाही.

पण आमच्या फ्लॅटमध्ये ऑर्किड? अहो, उन्हाळ्यात आमच्या घरात माणसं जगत नाहीत धड! पश्चिमेच्या भिंती, दुपारी चारला भिंतीला पाठ टेकली तर पाठ शेकून निघते. झाड पहिल्याच आठवड्यात मान टाकायला लागलं. तेवढ्यात ग्रुपवर साडूचा फोटो... तंबू! घरातल्या घरात तंबू! बाहेरून काळं जाड कापड, आतून चंदेरी अस्तर, चेन लावायची, वर दिवे, कोपऱ्यात हवा बाहेर फेकणारा पंखा, खाली वाफ सोडणारं मशीन. झाडासाठी खोलीतली खोली! आणि खाली लिहिलेलं, ‘बाबांच्या झाडासाठी छोटीशी व्यवस्था.’ छोटीशी! आणि तिकडून, काकांच्या घरून, ऑपरेशनच्या खाटेवरून सासऱ्यांचं उत्तर... ‘वा!’

तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी तंबू आणला.

ही म्हणाली, “अहो, ठेवणार कुठे?”

म्हटलं, “मागच्या खोलीत.”

“मागच्या खोलीत कपड्यांची तार आहे.”

“काढ.”

काढली तिनं. एक शब्द बोलली नाही. आता मला सांगा, बायको एक शब्द बोलत नाही म्हणजे काय, हे मला या वयात कळायला नको होतं? पण मी तंबूच्या नळ्या एकमेकींत खुपसत होतो, डोळ्यांसमोर पिवळा तुरा. चष्मेवाला माणूस मी, आणि घरातलं मलाच दिसत नाही.

बरं, तंबू उभा राहिला, पण हवा? हवा काही दुकानात मिळत नाही! दिवा लावला की आत भट्टी. म्हटलं ठीक आहे, पंखा लावू. पंखा लावला, उष्णता गेली बाहेर, आणि तिच्या हाताला धरून ओलावाही गेला बाहेर! पातीची टोकं करपली. म्हटलं वाफेचं मशीन लावू. लावलं. तर आत आंघोळीनंतरच्या न्हाणीघरासारखं सगळं गच्च, अस्तरावरून पाण्याचे ओघळ, आणि दोन दिवसांत मुळाशी पांढरी बुरशी. मशीन बंद केलं, पंखा वाढवला, परत करपलं. पंखा कमी केला, दिवा वर चढवला, तर झाडाला उजेड पुरेना. एकाला आवरायला जावं तर दुसरं सुटतं. घरात दोन पाहुणे असतात ना... एकाला पंखा हवा, दुसऱ्याला पंख्यानं सर्दी... तसं, आणि ते दोन्ही पाहुणे त्या एका झाडाच्याच पोटात!

आणि इकडे मी कमरेत वाकून तंबूत डोकं घालून बसलेलो, घामानं निथळतोय, चष्म्याच्या काचांवर वाफ धरलीय, आकडा दिसत नाही, आणि खिशात फोन वाजतो... टिंग! ‘तापमान चोवीस, दमटपणा पासष्ट. सुप्रभात.’

एकदा न राहवून मी फोन केला. सहज विचारल्यासारखं. म्हटलं, “काय हो, तुमचा आकडा हलत कसा नाही?”

साडू म्हणतात... त्यांचा आवाज कसा आहे माहितीये? एसीसारखा. गार, बारीक, कुठून येतो कळत नाही. “काही नाही दादा, सोप्पं आहे. मी एक कंट्रोलर लावलाय. तोच पंखा बघतो, तोच वाफ बघतो. दिवसरात्र चोवीस म्हणजे चोवीस. मी तर तिकडे फिरकतसुद्धा नाही! तुमच्याकडे किती आहे?”

आमच्याकडे तेव्हा छत्तीस होतं. मी म्हटलं, “साधारण तसंच.”

फिरकतसुद्धा नाही! मी दुकानातून जेवायच्या सुट्टीत धावत घरी येतोय, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत प्रकाश टाकताना डोक्यात हवेचा विचार, परवा एका गृहस्थांना विचारलं, ‘आता दमट दिसतंय का?’... आणि हा फिरकत नाही! पण असू दे. ज्याची त्याची हातोटी. माझं काही म्हणणं नाही.

मग एक चमत्कार झाला. मी कंटाळून ते वाफेचं मशीनच बंद करून टाकलं होतं, म्हटलं मरायचं तर मर. आणि संध्याकाळी येऊन बघतो तर मीटरवर दमटपणा... सदुसष्ट! मशीन बंद, आणि सदुसष्ट! बुरशी नाही, ओघळ नाही, आत कसं गारगार, ओल्या मातीवर बसल्यासारखं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मध्येच एखादा दिवस खाली जायचा, पुन्हा वर. फक्त एक दुखणं राहिलं. सकाळी बघितलं की तापमान एकोणीसवर उतरलेलं असायचं. म्हणजे रात्री आकडा धरून ठेवता येत नव्हता मला. साडूचा बघा, दिवसरात्र चोवीस! माझा आपला रात्री गडगडायचा. पण म्हटलं, चला, निम्मं तरी जमलं. हळूहळू हात बसतोय आपला.

आणि एक दिवस, तुम्हाला सांगतो, बुंध्याच्या बगलेतून एक हिरवी दांडी बाहेर आलेली! पात नाही हो, दांडी! टोकाला बारीक बारीक कळ्या, मुगाएवढ्या! मी ओरडलो. ही धावत आली. मी म्हटलं, “बघ! बघ याला म्हणतात हवा सांभाळणं! कंट्रोलर नाही, काही नाही, नुसता अंदाज! हातात असावं लागतं!”

हिनं वाकून कळ्या जवळून बघितल्या. डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, “आईचं झाड फुलतंय हो.” आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमच्या हातात आहे खरं.” आता ते कोणत्या सुरात म्हणाली, ते मला नंतर कळलं.

मी फोटो काढला. ग्रुपवर टाकला. ‘कळ्या आल्या. सुप्रभात.’ संध्याकाळ होती, पण ‘सुप्रभात’ टाकलं मुद्दाम! अंगठेच अंगठे. मेहुणीचा बदाम. साडूचं उत्तर आलं, ‘वा दादा! आमच्याकडे नुसती पातीच.’ अहाहा... नुसती पातीच! मी तो मेसेज झोपेपर्यंत वाचत होतो. सासऱ्यांचं उत्तर शेवटी आलं. मी चष्मा पुसून घेतला. ‘बरं. पुढच्या महिन्यात येतो.’

म्हटलं, चालेल. डोळ्यांनी बघितल्यावर म्हणतील.

आता खरी मजा ऐका. एक दिवस दुकानात वीज गेली, मालकांनी लवकर सोडलं. भर दुपारी घरी आलो, ही शेजारी गेलेली, म्हटलं कळ्या बघू. चेन ओढली... आणि समोर माझे बनियन! अहो, माझे बनियन, माझी विजार, दोन चादरी, तीन टॉवेल, हिचा परकर... तंबूच्या वरच्या नळ्यांना चिमटे लावून टांगलेले, ओलेकच्च, आणि त्यांच्या मधोमध सासूबाईंचं ऑर्किड, गर्दीत सापडल्यासारखं, आणि टॉवेलाचं एक टोक त्याच्या डोक्यावर टपटप टपटप!

ही परत आली. मी दारातच गाठली. “हे काय आहे?”

“कपडे.”

“तंबूत?”

“मग कुठे? तार तुम्ही काढायला लावलीत. बाहेर गॅलरी नाही. आत दिवा आहे, पंखा आहे, मस्त वाळतात. तुम्ही जेवून दुकानात गेलात की घालते, संध्याकाळी तुम्ही यायच्या आत काढते, ओले राहिलेले तुम्ही झोपल्यावर परत घालते. रात्री खिडकी आणि तुमच्या तंबूची चेन उघडी टाकते, म्हणजे कुबट वास येत नाही. सकाळी तुम्ही उठायच्या आत काढून घेते.”

“अगं पण मला सांगायचं तरी!”

“तुम्ही विचारलंत?”

मी चिडलो. मी काय काय बोललो! हे बाबांचं झाड आहे, ही काय कपड्यांची दोरी आहे का, उद्या बाबा येऊन बघतील आणि फुलाशेजारी माझा बनियन! तिकडे साडूकडे सगळं कसं चकचकीत, आणि इकडे परकर! “आजपासून या तंबूत एक रुमालसुद्धा दिसता कामा नये!”

ही म्हणाली, “बरं.” बापाची लेक! तोच ‘बरं’, तेच वजन! सगळे कपडे काढले, पिळले, बादलीत घातले आणि बादली घेऊन जिना चढून गच्चीवर निघून गेली.

आता पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, मला ओळखायला चार दिवस लागले. आकडा उतरायला लागला. साठ, पन्नास, चाळीस... मी मशीन लावलं, तर दुसऱ्या टोकाला नव्वद, बुरशी. बंद केलं, अडतीस. आणि कळ्या... सोन्यासारख्या फुगलेल्या कळ्या, त्यांतली टोकाची एक पिवळी पडली आणि मी बघता बघता टप्पकन खाली पडली. न उमलताच. माझ्या पायाशी. ती मी उचलून हातावर घेतली, आणि खोटं कशाला बोलू, परत दांडीला लावून बघितली. तो ‘वा’ गेला म्हणून नाही हो... म्हणजे तो पण गेलाच... पण सासूबाईंची आठवण झाली. चष्मा पुसून दिला की दर वेळी म्हणायच्या, ‘जावईबापू, जग धुतल्यासारखं दिसतंय.’ त्या असत्या तर एवढं करायची वेळच आली नसती.

गेलो स्वयंपाकघरात. मान खाली. म्हटलं, “ऐकतेस का? ते... कपडे वाळत घाल ना आत.”

“छे छे!” ही म्हणाली. “बाबांचं झाड आहे. शेजारी तुमचा बनियन बरा दिसेल का?”

“अगं, चुकलं.”

“गच्चीवर छान वाळतात. ऊन आहे, वारा आहे.”

“अगं, कळी पडली!”

तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला. हात पुसत आली, खाली बसली, ती कळी माझ्या हातातून घेतली. म्हणाली, “आणा कपडे.” पण त्या दिवशीचे कपडे धुऊन, वाळून, घड्या होऊन कपाटात गेलेले! मग काय केलं? स्वच्छ, घडी केलेले, इस्त्रीचे कपडे मी परत पाण्यात घातले! धुतलेल्या चादरी धुतल्या! दुसऱ्या दिवशी तेही संपलं, तर पडदे काढले. पडदे वाळले, तर शेजारच्या वहिनींची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, मी म्हटलं, “वहिनी, ओले कपडे आहेत का?” त्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं... मागून त्यांचे यजमान आले, “काय हवंय यांना?” म्हटलं, “काही नाही, चादर-बिदर ओली असली तर बरं... आम्ही वाळवून देतो.” दिली हो त्यांनी, दोन बोटांत धरून. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटले की ते गृहस्थ बायकोच्या आणि माझ्या मध्ये उभे राहतात. राहू देत. माझं काही म्हणणं नाही! आकडा सदुसष्टवर आला.

आणि फुललं! तुम्हाला सांगतो, फुललं! एकामागून एक, पिवळी जर्द, मध्ये जरासा तांबूस ठिपका. बाबा यायच्या आदल्या दिवशी शेवटची कळी उघडली. मी ठरवलं होतं, सकाळी लवकर उठून कपडे काढून ठेवायचे, तंबू पुसायचा, एक खुर्ची ठेवायची, दिवा लावायचा. सगळं ठरवलं होतं. आणि साडूनं त्यांना सकाळच्या गाडीवरून उतरवून, आधी स्वतःकडे न नेता, सरळ आमच्याकडे आणलं! मी अजून दात घासतोय, दारात बाबा, हातात काठी, मागे साडू, मेहुणी. “झाड दाखवा,” बाबा म्हणाले. बसले नाहीत, पाणी नको, चहा नको.

मी तोंडात ब्रश धरून चेन ओढली. आत... अर्थात... सगळा बाजार! टॉवेल, चादरी, आणि त्या वहिनींच्या यजमानांची पट्ट्यापट्ट्यांची विजार! आणि मधोमध तुरा.

बाबा काठी टेकून उभे राहिले. साडूचं तोंड उघडं. मी सासऱ्यांच्या ओठांकडे बघतोय. ओठ हलले. गोलसुद्धा झाले! मी तोंडातला ब्रश काढून हातात घेतला. त्यांनी हात पुढे केला, फुलापर्यंत नेला... आणि फुलाच्या बाजूनं वर नेऊन, त्या ओल्या टॉवेलाचं टोक दोन बोटांत धरलं, दाबलं, त्यातून एक थेंब झाडावर पडला, आणि म्हणाले...

“वा!”

टॉवेलाला! अहो, टॉवेलाला!!

“अगदी आईसारखं घातलंस गं वाळत,” लेकीला म्हणाले. “ती याच झाडावरून दोरी बांधायची. रोज म्हणायचो, अगं झाडावर पाणी गळतंय. ती गेली, मी दोरी काढून टाकली. बघायला नको वाटायची.” मग साडूकडे वळले. “तुमच्याकडे रात्री गार होत नसेल.”

“चोवीस, बाबा. दिवसरात्र.”

“याला रात्री गारवा लागतो. त्याशिवाय कळी धरत नाही.”

म्हणजे बघा! ज्या चोवीसवर मी सहा महिने जळत होतो, त्या चोवीसनंच त्याचं फूल खाल्लं! आणि माझा जो आकडा रात्री गडगडायचा, ज्याची मला लाज वाटायची, तोच... पण त्याचं श्रेय कुणाला? खिडकी उघडी टाकणारीला. तीही बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, मेहुणीही रडायला लागली, मीही ब्रश हातात धरून जरासा... म्हटलं, जाऊ दे. ‘वा’ घरातच राहिला ना? टॉवेल तर माझाच होता!

मी म्हटलं, “बाबा, मग काय ठरवलंत?”

कशाला विचारलं! पण विचारलं.

बाबा म्हणाले, “ठरलंच होतं. या गुडघ्यानं आता एकट्यानं राहायला जमणार नाही. म्हटलं, ज्या घरात हिचं झाड फुलेल, त्या घरात मी राहीन.” आणि तंबूशेजारची खुर्ची ओढून बसले. माझी खुर्ची. खोलीतला टेबलपंखाही स्वतःकडे वळवून घेतला.

मी साडूकडे बघितलं. सहा महिन्यांत मी त्या माणसाचा चेहरा इतका फुललेला बघितला नव्हता! माझा हात दोन्ही हातांत धरला, गदागदा हलवला, “दादा, जिंकलात हं! मानलं तुम्हाला!” आणि गेला धावत खाली, आणि बाबांची बॅग, दुसरी बॅग, पिशवी, पाय ठेवायचं स्टूल, सगळं एका दमात वर. म्हणजे गाडीतच होतं! सगळं सामान गाडीतच होतं! मला आता राहून राहून शंका येते, त्याला बाबांनी काय ठरवलंय ते आणि रात्रीच्या गारव्याचं, दोन्ही आधीच माहीत होतं की काय? एसीवाला माणूस हो तो! दिवसरात्र चोवीस... मुद्दाम तर नाही ना? म्हणजे मी जळायचं, धावायचं, पडदे धुवायचे, आणि हा तिकडे फिरकतसुद्धा नाही! मी एक ‘वा’ मागत होतो, अख्खे सासरे मिळाले!

आज सकाळी साडूचा मेसेज आला. ‘तंबू काढला. खोली रिकामी. घरात अगदी शांत. सुप्रभात.’ शांत! मी तो फोन हातात धरून बसलो होतो, आणि मागच्या खोलीतून बाबा कुणाशी तरी फोनवर बोलत होते, मोठ्या जावयाकडे राहायला आलोय वगैरे. मी कान टवकारले. म्हणाले, “इथे? बरं आहे.” मग म्हणाले, “पण धाकट्या जावयांनी काय बॅगा वर आणल्या हो! एका दमात! वा!”

...नाही, माझं काही म्हणणं नाही. जातो मी. शेजारच्यांची चादर पिळायची राहिलीय.